लिनक्स घातलेली डिस्क दुसऱ्या संगणकात चालते का?

चालते. बहुतेक वेळा काहीही न करता चालते. पण विंडोजवर हात बसलेल्या माणसाला हे चटकन पटत नाही.

गोव्यात हा प्रश्न पावसाळ्यात हमखास येतो. वीज जाते, येते, पुन्हा जाते. हवेतल्या ओलीने मदरबोर्डवरच्या पिनांना हिरवट पुटं चढतात आणि एके सकाळी म्हापशातल्या एखाद्या छापखान्यातला जुना डबा बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाही. डिस्क मात्र शाबूत असते. लग्नपत्रिकांचे नमुने, नाटकांची हँडबिलं, देवस्थानांची पावतीपुस्तकं, सगळं तिच्यावर असतं. नवीन यंत्र येतं आणि मालक विचारतात, "आता सगळं पहिल्यापासून घालायचं काय रे?"

पहिल्यापासून घालायची गरज का नसते, हे कळायला लिनक्स सुरू होताना काय करतं ते पाहावं लागेल. आपल्या यंत्रात कोणतं ग्राफिक्स कार्ड आहे, कोणती साऊंड चिप आहे, याची पक्की यादी लिनक्स इन्स्टॉल होताना लिहून ठेवत नाही. दर वेळी चालू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नव्याने चौकशी करतो. पीसीआय आणि यूएसबीवर जोडलेलं प्रत्येक उपकरण आपला निर्माता-क्रमांक आणि स्वतःचा क्रमांक सांगतं. त्या क्रमांकांना जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, 'लिब मॉड्यूल्स' या फोल्डरमधून उचलला जातो. तिथे तुमच्याकडे नसलेल्या, कधी नसणाऱ्या हजारो उपकरणांचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच आलेले असतात. ते शेकडो एमबींची जागा खातात म्हणून आपण कुरकुरतो, पण डिस्क इंटेलच्या यंत्रातून काढून एएमडीच्या यंत्रात घातली तर पुढच्या खेपेला त्यातलेच दुसरे ड्रायव्हर उचलले जातात. त्यात लायसन्सची भानगड नाही. विंडोजही आता हे बऱ्यापैकी सहन करतं, पण यंत्राबरोबर आलेला त्याचा परवाना त्या मदरबोर्डला बांधलेला असतो.

एक मर्यादा आहे. प्रोसेसरचं घराणं तेच हवं. नेहमीच्या डेस्कटॉपमधली डिस्क रास्पबेरी पायला किंवा अॅपलच्या एम मालिकेतल्या मॅकला जोडून त्यावरचं लिनक्स चालणार नाही. तिथे फक्त फाईली वाचता येतील. ३२ बिटी लिनक्स ६४ बिटी यंत्रावर चालतं, पण त्यात आता जीव अडकवू नये. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२५ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून ३२ बिटी पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलं आहे.

मग लोक अडकतात कुठे? ज्या थोड्या गोष्टी जुन्या यंत्रात मागे राहतात, तिथे.

बूटची चिठ्ठी मदरबोर्डवर राहते

यंत्र चालू होताच मदरबोर्डवरून सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. बायोस या जुन्या फर्मवेअरच्या काळात प्रकरण सोपं होतं. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत, त्यातही ४४६ बाइटांत, सुरुवातीचा कोड बसवलेला असायचा. बायोस तो वाचायचा आणि पुढचं सगळं डिस्कवरच. डिस्क हलली की बूट, म्हणजे यंत्र सुरू होण्याचं कामही, तिच्याबरोबर हलायचं.

बायोसच्या जागी यूईएफआय आल्यापासून हे काम दोन ठिकाणी वाटलं गेलं. डिस्कवर फॅट पद्धतीचं एक लहानसं पार्टिशन, म्हणजे वेगळा काढलेला भाग, असतं, त्याला ईएसपी म्हणतात. बूटलोडरच्या, म्हणजे लिनक्सला उठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाईली त्यात असतात. पण "यातली अमुक फाईल चालू कर" ही चिठ्ठी डिस्कवर नसते. ती मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅम नावाच्या स्मृतीत असते. डिस्क काढून नव्या यंत्रात घातली की फाईली येतात, चिठ्ठी मात्र जुन्या मदरबोर्डवरच राहते. नवं यंत्र चालू होतं आणि काळ्या पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढंच लिहून गप्प बसतं. नेमकं याच क्षणी कोणीतरी "डिस्क गेली" असा निकाल देतो आणि फॉरमॅट मारायला घेतो. कृपा करून थांबा. डिस्कला काहीही झालेलं नसतं.

चिठ्ठी नसेल तर काय करायचं, याची सोय यूईएफआयच्या नियमांतच आहे. ईएसपीमध्ये 'ईएफआय' नावाच्या फोल्डरात 'बूट' फोल्डर, आणि त्यात 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' नावाची फाईल असेल तर फर्मवेअर ती चालवून बघतं. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालू होतो तो याच वाटेने. उबुंटू आणि फेडोरा हे लिनक्सचे प्रकार ही फाईल तिथे आपणहून ठेवतात, शिवाय ती चालली की हरवलेली चिठ्ठी नव्या मदरबोर्डवर परत लिहून टाकतात. त्यामुळे उबुंटूवाल्यांना वाटतं, यात एवढं सांगण्यासारखं काय आहे. डेबियनमध्ये मात्र ही जादा प्रत आपण मागितली तरच ठेवली जाते, म्हणून अडचण डेबियनवाल्यांनाच जास्त येते.

जुनं यंत्र अजून धुगधुगतंय तोवर हे काम उरकता येतं. ग्रब हा लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर. त्याची 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा '--रिमूव्हेबल' हा पर्याय जोडून द्यायची, बस. यंत्र मेलेलंच असेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या लिनक्सवरून, नवं यंत्र चालू करा. डिस्कचं मुख्य पार्टिशन 'एमएनटी' फोल्डराखाली माउंट करा, म्हणजे जोडा, ईएसपी त्याच्या आतल्या 'बूट/ईएफआय'वर माउंट करा. मग 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' आणि 'रन' ही चालू लिनक्सची फोल्डरं आतही दिसतील अशी बाइंड करून 'सीएचरूट'ने त्या लिनक्समध्ये शिरा. आत गेल्यावर ग्रब पुन्हा बसवा, 'अपडेट-ग्रब' चालवा आणि बाहेर या. वाचायला हे मंत्रासारखं वाटतं, पण ही एक वाट आली की लिनक्सचे निम्मे बूटरोग घरच्या घरी बरे होतात. ती पाठ करण्यासारखी आहे.

बूटच्या बाबतीत अजून दोन फाटे. पहिला म्हणजे, जुनं इन्स्टॉलेशन निव्वळ बायोस पद्धतीचं आणि नवं यंत्र फक्त यूईएफआय जाणणारं. पार्टिशन-तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीवरून नव्या जीपीटी पद्धतीवर आणून, कुठेतरी जागा काढून, नवी ईएसपी बनवून हे जुळवता येतं. हौस असेल तर करा. मला विचाराल तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवं लिनक्स घालून फाईली आणाव्यात.

दुसरा म्हणजे, डिस्क फर्मवेअरला दिसते पण लिनक्सला दिसत नाही. बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' पद्धतीवर लावून येतं. सेटअपमध्ये जाऊन ते 'एएचसीआय' करावं लागतं. मात्र त्याच लॅपटॉपवर विंडोजही ठेवायचं असेल तर आधी विंडोजला तशी तयारी करायला लावा, नाहीतर सेटिंग बदलल्यावर ते निळा पडदा दाखवील.

सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय. तिच्यासाठी स्वतः नोंदवलेल्या चाव्याही एनव्हीरॅममध्येच राहतात. एनव्हिडियाचा किंवा व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर तुमच्या चावीने सही केलेला असेल तर नवं यंत्र तो नाकारेल. 'मॉकयूटिल'ने चावी पुन्हा नोंदवली की झालं.

एफएसटॅबमधली एक ओळ

कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं ते 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एफएसटॅब' या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. ती उघडून बघाच. आजकाल बहुतेक ओळी 'यूयूआयडी=' ने सुरू होतात आणि पुढे मधूनमधून आडव्या रेघांनी तोडलेली ३६ चिन्हांची लांबलचक माळ असते. ही त्या फाइलसिस्टिमची, म्हणजे पार्टिशनवरच्या फाईलींच्या मांडणीची, ओळख. डिस्क कोणत्याही केबलला, कोणत्याही यंत्रात लावा, ही ओळख बदलत नाही. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये मात्र 'डेव्ह एसडीए२' असं लिहिलेलं सापडतं. ते नाव जोडणीच्या क्रमावर ठरतं. नव्या यंत्रात आधीच एक डिस्क असेल तर तुमची 'एसडीए' तिथे 'एसडीबी' होऊन बसेल. हलवण्याआधी 'एलएसबीएलके -एफ' चालवून खऱ्या ओळखी बघा आणि त्या एफएसटॅबमध्ये लिहा.

आणखी एक भानगड इथे होते. जुन्या यंत्रात दुसरी मोठी डिस्क होती, फोटो आणि बॅकअप ठेवायची. ती नव्या मिनी पीसीत मावली नाही, म्हणून मागे राहिली. तिची ओळ मात्र एफएसटॅबमध्ये आहे. लिनक्स चालू होताना पडद्यावर तांबड्या रंगाचा तारा डावी-उजवीकडे सरकत राहतो, बाजूला सेकंद मोजले जातात आणि पुढे मर्यादा लिहिलेली असते: १ मिनिट ३० सेकंद. तेवढं थांबून ते 'इमर्जन्सी मोड'मध्ये जातं आणि पासवर्ड मागतं. लोक घाबरतात. काम एवढंच असतं की त्या ओळीच्या सुरुवातीला '#' घालून ती निकामी करायची, किंवा पर्यायांमध्ये 'नोफेल' हा शब्द जोडायचा. नोफेल म्हणजे डिस्क मिळाली तर ठीक, नाही मिळाली तरी पुढे चल.

डिस्कच बदलायची असेल तर

आतापर्यंत डिस्क उचलून नेण्याबद्दल बोललो. पण जुनी डिस्क फिरणारी असते आणि नव्या यंत्रात एनव्हीएमई, म्हणजे नव्या जातीची वेगवान एसएसडी, असते, तेव्हा मजकूर एकीवरून दुसरीवर न्यावा लागतो.

आधी जुन्या डिस्कची तब्येत 'स्मार्टसीटीएल'ने पाहून घ्या. 'पेंडिंग सेक्टर' शून्याच्या वर असतील तर साधी नक्कल करायला बसू नका. अशा डिस्कसाठी 'डीडीरेस्क्यू' आहे. ते आधी सहज वाचता येतं ते सगळं पदरात पाडून घेतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं.

डिस्क धड असेल तर क्लोनझिला हा सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात तयार झालेलं हे साधन फाइलसिस्टिममधले वापरातले भागच उचलतं, त्यामुळे अर्धी रिकामी डिस्क लवकर उरकते. नवी डिस्क साधारणपणे जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. इथेच १ टीबीच्या हार्ड डिस्कवरून ५१२ जीबीच्या एसएसडीवर येणारे अडतात. 'डीडी'नेही नक्कल होते, पण त्यात 'आयएफ' म्हणजे कुठून आणि 'ओएफ' म्हणजे कुठे, यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते. तिथे 'खात्री आहे ना?' असं विचारणारं कोणी नसतं. आधी एलएसबीएलकेमध्ये आकार आणि मॉडेल नीट वाचा.

क्लोन केल्यावर दोन्ही डिस्कांची यूयूआयडी एकच होते. दोन्ही एकाच वेळी जोडून यंत्र चालू केलं तर लिनक्स कोणती उचलील याचा भरवसा नाही. तुम्ही नव्यावर काम करताय असं समजून दिवसभर जुनीवरच लिहीत बसाल. बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम वापरणाऱ्यांनी तर हे अजिबात करू नये, तिथे मजकूर बिघडू शकतो. पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा.

लहान डिस्कवर जायचं असेल, किंवा फाइलसिस्टिम बदलायची असेल, तर 'आरसिंक' चांगलं. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चालू करा, म्हणजे कॉपी होताना फाईली पायाखालून बदलत नाहीत. 'आरसिंक -एएच' याच्या जोडीला मोठ्या लिपीतले 'ए' आणि 'एक्स' द्या, त्याशिवाय जादा परवानग्या आणि गुणधर्म मागे राहतात. 'एच'सुद्धा मोठ्या लिपीतलाच हवा. नव्या पार्टिशनांची यूयूआयडी वेगळी असणार, तेव्हा एफएसटॅब दुरुस्त करून वर सांगितलेली सीएचरूटची वाट धरायची.

याच ठिकाणी इनिटरॅमएफएस आडवं येतं. कर्नलबरोबर आधी मेमरीत चढणारा तो छोटा गठ्ठा. मुख्य डिस्क उघडायचे ड्रायव्हर त्यात असतात. डेबियन आणि उबुंटू त्यात सरसकट जवळपास सगळे ड्रायव्हर भरतात. फेडोरा तो त्या-त्या यंत्राच्या मापाने कातरते. त्यामुळे साटा डिस्कवर वाढलेलं फेडोरा एनव्हीएमईवर नेलं की कधी अर्ध्या वाटेत, मुख्य डिस्क न सापडल्याने, एका ओसाड प्रॉम्प्टवर सोडून देतं. बूटच्या मेनूत 'रेस्क्यू' नावाची नोंद असते, तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात; तिने आत जा आणि 'ड्रॅकट'ने गठ्ठा नव्याने बांधा.

की नव्यानेच घालावं?

माझं मत असं: दुकान, कार्यालय, जिथे यंत्र उद्या सकाळी चालू हवं आणि कसं लावलं होतं ते कोणाला आठवत नाही, तिथे डिस्क उचलून न्या. घरचा लॅपटॉप असेल तर नवीन आवृत्ती घाला आणि फक्त आपला मजकूर आणा. चार-पाच वर्षांत आपण काय काय घालून ठेवतो आणि विसरतो, ते तेवढ्यात झडून जातं.

पण "होम फोल्डर कॉपी केलं, झालं" म्हणणाऱ्यांच्या काही गोष्टी हमखास राहतात. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाईली ही त्यातली पहिली. ब्राउझरचे पासवर्ड, थंडरबर्डची टपाल, एसएसएचच्या (दूरच्या यंत्रात शिरायच्या) चाव्या सगळं तिथे असतं. एक्सफॅट केलेल्या पेन ड्राइव्हवरून त्या आणल्या तर मालकी आणि परवानग्या वाटेतच गळतात, आणि एसएसएच "ही चावी सगळ्यांना उघडी आहे" म्हणून ती वापरायला नकार देतं. ईएक्सटी४ केलेली डिस्क घ्या किंवा 'टार'मध्ये बांधून न्या.

होमच्या बाहेरचंही असतं. क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या याद्या, 'व्हार'मध्ये असतात. छापखान्यात महत्त्वाचे ते प्रिंटर, आणि त्यांची मांडणी 'ईटीसी कप्स'मध्ये असते. ती कॉपी करताना दोन्हीकडे कप्स, म्हणजे छपाई सांभाळणारा प्रोग्रॅम, बंद ठेवा, कारण चालू असताना ते आपली फाईल स्वतःच परत लिहितं. मारियाडीबीसारखा डेटाबेस असेल तर चालू असताना त्याचं फोल्डर उचलू नका, डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची फाईलीतली नक्कल, काढा.

आपल्याकडच्या लोकांसाठी खास सांगायचं ते मराठीचं. फाँट बहुधा होममधल्या '.लोकल/शेअर/फाँट्स' किंवा जुन्या '.फाँट्स'मध्ये असतात. युनिकोडच्या आधीच्या काळातले फाँट वापरून केलेल्या पत्रिका नव्या यंत्रावर उघडल्या की "श्री गणेशाय नमः"च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर बिघडलेला नसतो, फाँट आलेला नसतो. तो आणा, टंकन पुन्हा करू नका. लिबरऑफिसला आपण वर्षानुवर्षं शिकवलेले शब्द, म्हणजे म्हार्दोळ, कुंकळ्ळी, साखळी ही गावं, गिऱ्हाइकांची आडनावं, हे सगळं '.कॉन्फिग/लिबरऑफिस/४/युजर/वर्डबुक'मधल्या एका लहानशा फाईलमध्ये असतं. ती चार केबींची फाईल राहिली की मुद्रितशोधन करणारे काका दिवसभर तांबड्या नागमोडी रेघांना शिव्या देतात. कीबोर्डसाठी आयबस हा टंकनाचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम१७एन पॅकेज घालून इन्स्क्रिप्ट निवडायला विसरू नका.

पॅकेजांची यादी 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल'ने काढून ठेवा, पण ती डोळे मिटून नव्या आवृत्तीत ओतू नका. नावं बदलतात. यादी समोर ठेवून लागेल ते घालावं.

आणि वापरकर्त्यांचा क्रम. लिनक्स मालकी नावावर नाही, क्रमांकावर ओळखतं. डेबियन-उबुंटूत पहिल्या माणसाला १०००, दुसऱ्याला १००१ मिळतो. जुन्या यंत्रावर आधी बाबांचं आणि मग ताईचं खातं काढलं होतं, नव्यावर उलट केलं, तर बाबांच्या फाईलींची मालकीण ताई होते. क्रम तोच ठेवा, नाहीतर 'सीएचओन'ने मालकी बदला.

निघण्याआधी आणि पहिल्यांदा चालू झाल्यावर

जुन्या यंत्रात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि नव्यात नाही, तर त्याचा ड्रायव्हर निघण्याआधीच काढून टाका. हाताने लिहिलेली 'एक्सऑर्ग कॉन्फ' ही पडद्याची मांडणी सांगणारी फाईलही. लॅपटॉप हायबरनेट करून डिस्क कधीही हलवू नका. जुन्या यंत्राच्या मेमरीचं चित्र नव्या यंत्राने उघडायचा प्रयत्न केला तर फाइलसिस्टिम बिघडते. पूर्ण बंद करा. इंटेलवरून एएमडीवर आलात तर मायक्रोकोडचं (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्यांचं) पॅकेज बदला.

नेटवर्क चालत नसेल तर कार्डाचं नाव तपासा. 'ईएनपी३एस०' हे नाव ते कोणत्या खाचेत बसलंय त्यावरून पडतं. स्थिर पत्ता त्या नावावर बांधलेला असेल तर नव्या यंत्रात तो हवेतच राहतो. वाय-फायच दिसत नसेल तर चिप कर्नलपेक्षा नवी आहे किंवा तिचं फर्मवेअर आलेलं नाही. फोन यूएसबीने जोडा, टेदरिंग चालू करा आणि तेवढ्या इंटरनेटवर नवा कर्नल उतरवा. उबुंटूच्या एलटीएस या दीर्घकाळ चालणाऱ्या आवृत्तीत त्यासाठी एचडब्ल्यूई हा नव्या यंत्रांसाठीचा कर्नल असतो. पणजीत किंवा मडगावात यंत्र घेतानाच दुकानात लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटल्यावरची झोप तपासली तर हा खटाटोप वाचतो. दुकानदार तोंड वाकडं करतात, पण करू देतात.

डिस्क लक्स या एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल आणि ते कुलूप यंत्रातल्या टीपीएम या सुरक्षा-चिपला बांधलेलं असेल, तर नव्या यंत्राची टीपीएम वेगळी असल्याने ते आपोआप उघडणार नाही. तिथे मूळ सांकेतिक वाक्यच लागतं. ते कुठे लिहिलंय हे आजच शोधा, जुनं यंत्र चालू असताना.

क्लोन करून जुनं यंत्रही भाच्याला वापरायला देणार असाल तर दोघांची ओळख वेगळी करावी लागते. दोन्हीकडे 'मशीन-आयडी', म्हणजे त्या इन्स्टॉलेशनचा ओळखक्रमांक, एकच राहिली तर राउटर कधीकधी दोघांना एकच पत्ता देतो, आणि एक जण ऑनलाइन आला की दुसरा खाली पडतो. जुन्या यंत्रावर 'ईटीसी'मधली मशीन-आयडीची फाईल रिकामी करून 'सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप' चालवा, होस्टनेम बदला, एसएसएचच्या यजमान-चाव्या नव्या काढा. आणि भाच्याच्या हातात देण्यापूर्वी त्यातल्या तुमच्या चाव्या आणि ब्राउझरचं प्रोफाइल पुसून टाका.